अनशापोटी नको, जेवणाच्या ताटाशी घ्या : प्लांट स्टेरॉल घेताना या चुका टाळा

"घ्यायलोय की रोज! पण आकडा काही हलना झालाय," असं म्हणत परवा एका निवृत्त गुरुजींनी काउंटरवर डबी ठेवली. डबी प्लांट स्टेरॉलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायला घेतात त्या वनस्पतींतल्या घटकाच्या कॅप्सूलची होती. उदगीरला माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे ही तक्रार मला नवीन नाही. अशा वेळी मी आधी एकच विचारतो, घेता कधी? उत्तर ठरलेलंच येतं. सकाळी, अनशापोटी, कोमट पाण्यासोबत.

अनशापोटी या शब्दाला आपल्याकडे भारी मान. मेथीदाणे अनशापोटी, लसणाची पाकळी अनशापोटी, मग ही महागाची कॅप्सूल जेवणासोबत कशी घ्यायची? पण स्टेरॉलचं काम रक्तात चालत नाही, आतड्यात चालतं, आणि तेही जेवण तिथं पोचल्यावरच. स्टँडवर लातूरची एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे आहे. स्टेरॉलची घडण जवळजवळ कोलेस्टेरॉलसारखीच असते. जेवणातल्या तेला-तुपामुळे आतड्यात पित्त उतरतं, त्या पित्ताचे बारीक थेंब म्हणजे गाडी. त्या गाडीत स्टेरॉल आधी रुमाल टाकतं, कोलेस्टेरॉलला जागा उरत नाही आणि ते शौचावाटे निघून जातं. पोट रिकामं असेल तर गाडीच लागलेली नसते. मग रुमाल कुठं टाकणार?

म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात डोस वाटून घ्या. एकदाच घ्यायचं असेल तर दिवसातलं जे मोठं जेवण असेल त्यासोबत. चहा-बिस्किटाला जेवण समजू नका. गुरुजींना मी डबी देवघरातून काढून भाकरीच्या दुरडीशेजारी ठेवायला सांगितली.

यावर हमखास येणारा प्रश्न: "मी माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. माझ्या ताटात कोलेस्टेरॉल येतंच कुठून?" ताटातून येतं ते थोडं. आतड्यात त्याहून कितीतरी जास्त कोलेस्टेरॉल आपल्याच लिव्हरकडून पित्तातून उतरतं आणि परत शोषलं जातं. त्यामुळे माळकऱ्यालाही स्टेरॉल लागू पडतं. मात्र शोषण कमी झालं की लिव्हर थोडं जास्त बनवायला लागतं, म्हणून उतार एका मर्यादेपलीकडे जात नाही.

ती मर्यादा किती, हे माहीत नसलं की निराशा होते. रोज २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ८ ते १० टक्के उतरतं. गुरुजींचं एलडीएल १६८ होतं. म्हणजे सगळं नीट घेतलं तर ते १५२ च्या आसपास येईल, १०० पर्यंत उतरणार नाही. आणि ३ ग्रॅमच्या वर घेऊन जास्तीचा फायदा काही होत नाही.

आता हे २ ग्रॅम मोजायचे कसे? इथं चांगले शिकलेले लोकही फसतात. गुरुजींच्या डबीवर ठळक अक्षरांत ८०० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. डबी फिरवली तर मागं बारीक अक्षरांत 'प्लांट स्टेरॉल एस्टर'. एस्टर म्हणजे स्टेरॉलला तेलातलं आम्ल जोडलेलं. वजनात ते आम्लही धरलेलं असतं, खरं स्टेरॉल ६० टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे त्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅमही पुरतं नव्हतं, आणि गुरुजी घेत होते रोज एक! पुरता डोस घ्यायचा तर रोज चार लागतात, ६० ची डबी पंधरा दिवसांत रिकामी. डबी विकून चार पैसे मलाच मिळतात, तरी सांगतो: हा खर्च महिनोन् महिने झेपणार नसेल तर सुरूच करू नका. थांबवलं की आकडा परत मूळ जागी जातो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. 'नैसर्गिक' डबी आली म्हणून डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी गुपचूप बंद करणं. अटॉर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांबद्दल पारावर काय काय बोललं जातं ते मी रोज ऐकतो. स्टॅटिन डोसप्रमाणे एलडीएल ३० ते ५० टक्के उतरवतं. आणि नुसता आकडा उतरवत नाही, जीव वाचवतं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. स्टेरॉलमुळे हार्ट अटॅक कमी झाले असं दाखवणारा एकही मोठा अभ्यास नाही. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, त्यांनी गोळी स्वतःहून बंद करू नये. अंग दुखतंय, पोटऱ्या भरून येतात असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतील. स्टेरॉल स्टॅटिनच्या जोडीला चालतं, आणि चांगलं चालतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर जेमतेम ६ टक्के जास्तीचा उतार मिळतो, स्टेरॉलच्या जोडीनं त्याहून जास्त. पण जोडी लावायची ती डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

रिपोर्टमधला नेमका कोणता आकडा वाढलाय, तेही बघा. पुष्कळांचं एलडीएल बेताचंच असतं, वाढलेले असतात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी. त्यावर स्टेरॉलचा प्रभाव जवळजवळ नाहीच. तिथं साखर, दारू, पोटाचा घेर आणि मधुमेह यांकडे बघावं लागतं. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात भज्जी, उंडे, खीर असं दाबून जेवून आल्यावर लगेच रक्त दिलं, तर ट्रायग्लिसराइड चढलेले असतात आणि हिशेब हुकतो. ते ४०० च्या वर गेले तर हा हिशेब धरायचाच नसतो. सुरू करण्याआधी एक रिपोर्ट, मग सहा-आठ आठवड्यांनी दुसरा, त्याच लॅबमध्ये. आठ दिवसांत तपासून डबीला नावं ठेवू नका, फरक स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात.

"आम्ही घाण्याचं करडईचं तेल खातो, त्यात असतंच की हे." असतं, खरं आहे. करडई आपलं पीक, 'परभणी कुसुम' हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचंच. शेंगदाण्यात, तिळातही स्टेरॉल असतं. पण तेल, डाळी, भाकरी, भाज्या सगळं धरून दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच मिळतं. २ ग्रॅमसाठी तेल वाट्यांनी प्यावं लागेल, आणि मग वजनाचं काय करायचं? तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचूनही हुरळू नका. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच.

स्टेरॉल सुरू असेपर्यंत ताटात गाजर, पपई, पालक, शेपू राहू द्या, कारण स्टेरॉलमुळे कॅरोटीनचं (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं त्याचं) शोषण थोडं घटतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे घेऊ नये, पाच वर्षांखालच्या लेकरांनाही देऊ नये. सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक फार दुर्मिळ आनुवंशिक आजार असतो, त्यात हेच स्टेरॉल रक्तात साचतं. घरात कुणाला तो असल्याचं निदान झालेलं असेल तर डबीकडे बघूही नका.

आणि जेवणासोबत, पुरत्या डोसनं, दोन महिने घेऊनही आकडा जागचा हलला नाही तर? टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉईड मंद असलं की एलडीएल वर जातं, आणि त्याची गोळी वेगळी असते. ती मात्र अनशापोटीच घ्यायची.