फुटबॉल गेममधला सामना खराखुरा वाटत नाही? या चुका टाळा

बारा मिनिटांचा सामना ६-४ असा संपतो, प्रत्येक पास जणू मोजून दिल्यासारखा सहकाऱ्याच्या पायाशी पोहोचतो आणि दोन्ही संघ पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पूर्ण वेगाने धावत राहतात. अशा वेळी खेळाडू गेमला दोष देऊन मोकळे होतात. त्या दोषात थोडे तथ्य आहेच, कारण स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ डोळ्यांसमोर ठेवून या गेमची गती वाढवलेली असते. तरीही बराचसा कृत्रिमपणा आपण निवडलेल्या सेटिंग्जमधून आणि कंट्रोलरवरच्या अंगठ्याच्या सवयींमधून येतो, आणि या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. येथे विचार केला आहे तो ईए स्पोर्ट्स एफसी मालिकेचा, म्हणजे २०२३ मध्ये फिफाचे नाव सोडलेल्या गेमचा, आणि त्यातही किक-ऑफ व मॅनेजर करिअर या ऑफलाइन प्रकारांचा. कोनामीच्या ईफुटबॉलमध्ये येथे सांगितलेले स्लायडर (वेग, अचूकता अशा गोष्टी आकड्याने कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या) नाहीत, पण वेग आणि बचाव यांविषयीचे मुद्दे तेथेही लागू पडतात.

केवळ सामन्याची वेळ वाढवणे

इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले. सरासरी ३.२८ पडली आणि तीसुद्धा त्या लीगच्या मानाने फार मोठी समजली गेली. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटे. सहा-सहा मिनिटांच्या दोन अर्धांत एवढा खेळ बसवायचा म्हणून गेम सगळ्याच गोष्टी घाईने घडवतो. मग खेळाडू अर्धाची लांबी थेट बारा मिनिटांवर नेतात, बाकी काहीही बदलत नाहीत आणि सामना ९-५ असा संपल्यावर वैतागतात. घाईच्या गतीने दुप्पट वेळ खेळल्यास गोलही दुप्पट होणार, हे उघड आहे. आठ ते दहा मिनिटांचा अर्ध ठेवावा आणि त्याच वेळी दोन्ही संघांचा वेग व अचूकता किंचित खाली आणावी. चार-पाच सामने खेळून झाल्यावर आकडेवारीचा पडदा पाहावा. प्रत्येक संघाचे १२ ते १४ फटके आणि बलाढ्य संघाची ८० ते ८५ टक्के पास-अचूकता दिसत असेल, तर गोल कमी-जास्त झाले तरी सेटिंग योग्य मार्गावर आहे असे समजावे.

सर्वांत कठीण पातळी म्हणजे सर्वांत वास्तव, हा समज

अल्टिमेट पातळीवर संगणकाचा संघ चतुर होतो त्यापेक्षा अचूक अधिक होतो. तळाच्या विभागातला संघही दबावाखाली एका स्पर्शात पास खेळू लागतो आणि दोन संघांच्या शैलीतला फरक पुसला जातो. वर्ल्ड क्लास किंवा लेजेंडरी पातळी निवडून संगणकाच्या बाजूची पासमधली चूक स्लायडरने थोडी वाढवणे, हा अधिक चांगला मार्ग आहे. या मालिकेतल्या एफसी २६ या आवृत्तीत ऑफलाइन खेळासाठी ‘ऑथेंटिक’ नावाची वेगळी मांडणी दिलेली आहे. ती असेल, तर स्लायडरला हात लावण्यापूर्वी काही सामने तिच्यावरच खेळून पाहावेत.

स्लायडर मुळात ५० वर असतात आणि ते खेळाडूसाठी व संगणकासाठी स्वतंत्र असतात. त्यांबाबत होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘एरर’ या नावाच्या स्लायडरचा उलटा अर्थ लावणे. आकडा वाढवला की चुका वाढतात, नेमकेपणा नव्हे. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या कोणाचा तयार संच जसाच्या तसा उचलणे. तो संच त्या माणसाच्या पास-सहाय्याच्या निवडीवर, अर्धाच्या लांबीवर आणि गेमच्या विशिष्ट अपडेटवर बेतलेला असतो, यांतील एक गोष्ट वेगळी असली तरी त्याचा तोल बिघडतो. एका वेळी एकच स्लायडर दोन-तीन अंकांनी हलवावा. स्प्रिंटच्या, म्हणजे पूर्ण वेगाने धावण्याच्या, स्लायडरबाबत हे पथ्य विशेष कसोशीने पाळावे, कारण तो फार संवेदनशील आहे.

पासचे सगळे निर्णय गेमवर सोपवणे

पास-सहाय्य पूर्ण चालू असताना दिशा आणि जोर यांचा मोठा भाग गेमच ठरवतो, आणि म्हणूनच प्रत्येक पास मोजलेला वाटतो. सगळे सहाय्य एकदम बंद केल्यास पहिल्याच संध्याकाळी निराशा पदरी येईल. आधी फक्त थ्रू-पास (बचावफळीमागच्या मोकळ्या जागेत दिलेला पास) ‘सेमी’वर, म्हणजे अर्ध्या सहाय्यावर आणावा, हात बसल्यावर जमिनीवरचा पास आणि शेवटी क्रॉस. पासचा जोर कमी पडून चेंडू वाटेत अडवला जाणे, हे या बदलातले दुखणेही आहे आणि गंमतही.

स्प्रिंटचे बटण दाबून ठेवणे

सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत महागडी चूक आहे आणि स्लायडरचा कोणताही संच ती झाकू शकत नाही. स्प्रिंट करताना चेंडूचा प्रत्येक स्पर्श पायापासून दूर जातो, वळायला जास्त जागा लागते आणि बचावपटूला चेंडू काढून घेण्यासाठी फार काही करावे लागत नाही. त्याच धावण्यात दिलेला पास किंवा मारलेला फटका, विशेषतः कमकुवत पायाने आणि शरीर तिरके असताना, भरकटतो. वर ७० व्या मिनिटाला विंगर दमलेला असतो ते वेगळेच. समोर खरोखर मोकळी जागा असेल, तेव्हाच आर२ (स्प्रिंटचे बटण; येथील बटणांची नावे प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची आहेत) दाबावे. एरवी चेंडू साध्या चालीने पुढे न्यावा, पाठीवर प्रतिस्पर्धी आल्यास एल२ ने शरीर आड घालावे आणि सहकारी जागेवर पोहोचेपर्यंत थांबावे. पास येत असताना स्टिकने पुढे रेटत राहण्याची सवयही याच घाईतून येते. मागे किंवा बाजूला एक सोपा पास देऊन सुरुवात पुन्हा करणे यात कमीपणा नाही. मैदानावरचे मध्यरक्षक सामनाभर तेच करत असतात, आणि हे एकदा अंगवळणी पडले की तोच गेम वेगळा वाटू लागतो.

मध्यवर्ती बचावपटूला बाहेर ओढणे

फिफा १२ मध्ये टॅक्टिकल डिफेंडिंग आले आणि बटण दाबून धरले की बचावपटू आपोआप चेंडूवर झेपावेल, हा काळ संपला. तरीही चेंडू दिसला की सेंटर-बॅक, म्हणजे मध्यवर्ती बचावपटू, निवडून चेंडूवर धावून जाण्याची ओढ काही सुटत नाही. हा बचावपटू जागेवरून हलला की त्याच्यामागे जी पोकळी पडते, तिच्यातच पुढचा थ्रू-पास येतो. आपण शक्यतो बचावात्मक मध्यरक्षकाचा ताबा घ्यावा, एल२ धरून जॉकी करत (समोर तोंड ठेवून हळू सरकत) पासची वाट अडवावी आणि प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श लांब गेल्यावरच टॅकल करावे. आर१ दाबून दुसऱ्या खेळाडूला दबावासाठी बोलावणे हे अधूनमधून ठीक आहे, सतत धरून ठेवल्यास तोही आपली जागा सोडतो. मंद बचावपटू असलेल्या संघाने बचावफळी उंच, म्हणजे मैदानाच्या मध्याकडे पुढे ठेवली, तर डोक्यावरून येणारे लांब पास आपणच आमंत्रित केलेले असतात.

भारतीय वाचकांना हे विशेष जाणवेल. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग या मालिकेत आली, पण मुंबई सिटी किंवा एफसी गोवाच्या बहुतेक खेळाडूंचे मूल्यांकन साठीच्या आसपास असते. मँचेस्टर सिटीने खेळताना बसलेली उंच दबावाची (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्धात गाठण्याची) सवय या संघांना पेलत नाही. बचावफळी थोडी खाली ठेवावी, चेंडू स्वीकारताना एक जास्तीचा क्षण धरावा आणि पहिला स्पर्श निसटेल हे गृहीत धरूनच पुढचा पास ठरवावा.

दोष गेमचा नसतो तेव्हा

बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलत असेल, तर आधी टीव्हीवरचा गेम मोड चालू आहे का ते पाहावे. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत टीव्ही काही काळ खातो आणि तो उशीर आपण खेळाडूच्या मंदपणावर ढकलतो. स्टिकला हात न लावता खेळाडू एका बाजूला सरकत असेल, तर कंट्रोलरच्या स्टिकमध्ये दोष आला आहे. डेड-झोन (स्टिक थोडी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो ती मर्यादा) वाढवून तात्पुरते निभावते. कॅमेरा फार जवळ असल्यास दूरचा मोकळा सहकारी दिसतच नाही, म्हणून टेली ब्रॉडकास्ट किंवा को-ऑप निवडून झूम कमी करावा. आणि कालपर्यंत नीट चाललेला सामना आज अचानक वेगळा वाटू लागला, तर स्लायडर पुन्हा विस्कटण्यापूर्वी रात्रीतून नवे अपडेट आले आहे का, हे तपासावे.