दारू प्यायलेल्याच्या डोक्याला मार लागला तर

'उतरली की उठेल, झोपू दे त्याला.' स्कूटरवरून पडलेल्या किंवा तावेर्नाच्या (दारूच्या गुत्त्याच्या) पायरीवर आपटलेल्या माणसाबद्दल हे हमखास ऐकू येतं, आणि घात इथेच होतो. बोबडं बोलणं, झोकांड्या, ओकाऱ्या, गुंगी ही नशेची लक्षणं. कवटीत रक्त साचू लागलं तरी हीच दिसतात. नुसतं बघून डॉक्टरलाही खात्री देता येत नाही, सीटी स्कॅन लागतो. म्हणून स्कॅन होईपर्यंत दोष माराला द्यायचा, फेणीला नाही.

रक्तातली दारू दर १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम उतरते. शेवटच्या पेल्यानंतर तास-दोन तासांनी माणूस हळूहळू भानावर यायला हवा. उलट गुंगी वाढत असेल, तर ती दारूची समजू नका.

आधी १०८ला फोन करा. काखेत हात घालून त्याला उभं करू नका, मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. श्वास नीट असेल तर हेल्मेट तसंच राहू द्या. ओकारी आली तर दोघा-तिघांनी डोकं, मान आणि अंग एका रेषेत धरून कुशीवर वळवा. नशेत ठसका नीट लागत नाही, ओकारी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर स्वच्छ कपडा दाबा, पण हाड खचल्यासारखं लागलं तर दाब देऊ नका. नाकाकानातून पाणी येत असेल तर बोळा कोंबू नका. लिंबूपाणी, कॉफी, ताक काहीही पाजू नका. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसवून तर मुळीच नेऊ नका.

दर १५ मिनिटांनी नाव विचारा, दोन्ही हात उचलायला सांगा, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का बघा, आणि वेळ लिहून ठेवा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात ही चिठ्ठी फार कामाची ठरते. काय, किती, शेवटचं कधी प्यायला, रोज पितो का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने घरचे नेमकं हेच लपवतात.

रोज पिणाऱ्याचं दुखणं वेगळं. यकृत खराब असलं तर रक्त लवकर गोठत नाही, मेंदू आकसलेला असला तर शिरा ताणून तुटतात. त्यात दारू अचानक बंद झाली की ६ तासांपासून थरथर, ४८ तासांच्या आत झटके आणि पुढे भ्रम सुरू होऊ शकतो. वॉर्डात तोही मेंदूच्या माराचाच वाटतो. आधी कळलं तर डॉक्टर थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आणि योग्य औषधं वेळेवर सुरू करतात.

घरी सोडल्यावर निदान २४ तास एक शुद्धीतला माणूस जवळ हवा. न थांबणारी डोकेदुखी, पुन्हा ओकारी, झटका, हातापायात कमजोरी, उठवून न उठणं, यातलं काहीही दिसलं तर परत इस्पितळ. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही रोज पिणाऱ्याला डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

मार हलका असला तरी सगळी लक्षणं जाईपर्यंत दारू बंद. जबर माराला कित्येक महिने, डॉक्टर सांगतील तोवर. जखमी मेंदूला पूर्वीची 'कपॅसिटी' राहत नाही. एका पेल्यात तोल जातो, झटक्याचा धोका वाढतो आणि माणूस पुन्हा डोक्यावर पडतो. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) फेणीपेक्षा हलका म्हणून चालेल, असंही नाही. म्हाताऱ्या पिणाऱ्यांत रक्त हळू साचतं: पडल्यावर तीन आठवड्यांनी चाल बिघडली, बोलणं अडखळलं, तर तो जुना मार आठवून डॉक्टरांना सांगा.