क्रिमिनॉलॉजी झाली, पुढे धोरण-संशोधनात शिरायचं कसं?

एम.ए.ला क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) घेतली तेव्हा मावशीने विचारलं होतं, "म्हणजे सीआयडीत जाणार का गं?" नऊ वर्षं झाली, तिला मी नेमकं काय करते ते अजून धड सांगता आलेलं नाही.

'क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसू नका. पद असतं रिसर्च असोसिएटचं किंवा प्रोग्रॅम ऑफिसरचं. शोधायचं ते विषयावरून: तुरुंग, पोलीस, बालन्याय, कायदेशीर मदत. यावर काम करणाऱ्या संस्था: दिल्लीत विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी, कॉमन कॉज, सीएचआरआय (कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह); बंगळुरूत दक्ष; मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा) 'प्रयास' प्रकल्प. आधी यांचे अहवाल वाचा, अर्ज मग.

मार्कशीट कुणी फारसं बघत नाही. आकडा वाचता येतो का, ते बघतात. माझ्या पहिल्याच टिपणात मी ठोकून दिलं होतं, 'अपहरणं वाढली.' वरिष्ठ बाईंनी समासात लाल पेनाने लिहिलं: 'गुन्हे वाढले की नोंद वाढली?' मला उत्तर येईना. झालं असं होतं की, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलं. त्यामुळे घरी भांडून निघून गेलेली सतरा वर्षांची पोरगीही अपहरणाच्या रकान्यात येते. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालामध्ये अशी आणखी एक मेख आहे. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली, तरी मोजलं जातं सगळ्यांत गंभीर तेवढंच. बलात्कार करून खून केला, तर तो बलात्काराच्या आकड्यात येत नाही. तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचायची सवय लावून घ्या, आमची अर्धी नोकरी तीच आहे.

मग स्वतःचं एक काम करा, नोकरी नसतानाच. 2022 अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम 479 म्हणतं, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावं (फाशी-जन्मठेपेची कलमं आणि एकाहून जास्त खटले असलेले वगळून). त्यासाठी कोर्टात अर्ज करायचा तो तुरुंग अधीक्षकाने. तुमच्या जिल्ह्यात असे किती अर्ज गेले? माहिती अधिकारात विचारा. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मी पहिल्या अर्जात अकरा प्रश्न कोंबले होते, तो जसाच्या तसा परत आला.

उत्तर आलं की दोन पानी टिपण लिहा. प्रबंध नको. कुठला अधिकारी, कुठल्या शासन निर्णयात, काय बदलू शकतो, एवढंच. मुलाखतीला हे टिपण सोबत न्या.

आणि मुलाखत संपताना लाजू नका, विचारा: या प्रकल्पाची ग्रँट कधी संपते? माझी पहिली नोकरी अकराव्या महिन्यात ग्रँटबरोबरच संपली होती.