गुरूचे वस्तुमान कॅलिस्टोवरून कसे काढावे

ग्रहाचे वस्तुमान त्याच्या तेजावरून किंवा आकारावरून कळत नाही. तो जवळच्या वस्तूला किती जोराने ओढतो, त्यावरून ते काढावे लागते. ज्या ग्रहाला उपग्रह आहे त्याच्या बाबतीत उपग्रहाचे अंतर आणि त्याचा परिभ्रमणकाळ ही दोनच मापे पुरतात. न्यूटनने १६८७ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गुरू आणि शनी यांची सूर्याशी तुलना याच मार्गाने केली. लहान दुर्बीण आणि थोडी चिकाटी असेल, तर हे काम घराच्या गच्चीवरूनही करता येते.

गुरू प्रतियुतीच्या आसपास, म्हणजे रात्रभर दिसत असतानाचे दोन महिने निवडावेत आणि चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोवर लक्ष ठेवावे. रोज ठरावीक वेळी गुरूची चकती ५ मिलिमीटर व्यासाची काढून चंद्रांच्या जागा ठिपक्यांनी दाखवाव्यात. कॅलिस्टो दोन्ही बाजूंना सुमारे ६६ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणून वही आडवी धरावी. तो एकाच बाजूच्या टोकाला पुन्हा येईपर्यंतचा काळ म्हणजे एक फेरी. टोकाचा नेमका क्षण डोळ्यांना पकडता येत नाही, म्हणून तीन फेऱ्यांचे सुमारे ५० दिवस मोजून तीनने भागावे, उत्तर १६.७ दिवसांच्या जवळ येईल.

अंतराचे माप मात्र वहीवर सोडू नये, छायाचित्रावर घ्यावे. इथे एक चूक हमखास होते: चंद्र दिसावेत म्हणून प्रकाश जास्त वेळ आत घेतला की गुरूची चकती फुगून दिसते आणि अंतर प्रत्यक्षाहून कमी भरते. त्यासाठी झूम न बदलता लागोपाठ दोन छायाचित्रे घ्यावीत, चकतीसाठी अल्प वेळाचे आणि चंद्रांसाठी दीर्घ वेळाचे. कॅलिस्टोचे टोकाचे अंतर गुरूच्या विषुववृत्तीय व्यासाच्या सुमारे १३.२ पट येते. प्रतियुतीत गुरू सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर असतो आणि त्याची चकती साधारण ४७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसते. त्यावरून त्याचा व्यास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर आणि कॅलिस्टोचे अंतर जवळजवळ १९ लाख किलोमीटर ठरते.

आता अंतर मीटरमध्ये व काळ सेकंदांत घ्यावा. अंतराच्या घनाला ४ आणि पायच्या (π) वर्गाने गुणून, त्याला गुरुत्व स्थिरांक (G, गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातला ठरलेला आकडा) आणि काळाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर सुमारे १९ वर २६ शून्ये इतके किलोग्रॅम, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट येते. कॅलिस्टोचे स्वतःचे वस्तुमान या हिशेबात धरावे लागत नाही, कारण चारही मोठे चंद्र एकत्र केले तरी ते गुरूच्या सुमारे पाच हजाराव्या हिश्श्याएवढेच भरतात. अंतराचा घन होत असल्याने त्यात एक टक्का चूक झाली, तर वस्तुमानात तीन टक्के चूक होते. काळातील तेवढीच चूक दोन टक्क्यांवर थांबते.

प्लूटोच्या बाबतीत हीच पद्धत निर्णायक ठरली. शोध लागल्यानंतर प्रारंभी तो पृथ्वीच्या तोडीचा मानला गेला होता, पण १९७८ मध्ये त्याचा चंद्र कॅरन सापडला आणि प्लूटो पृथ्वीच्या चारशेव्या हिश्श्याहूनही हलका असल्याचे स्पष्ट झाले. बुध आणि शुक्र यांना चंद्रच नाहीत, त्यामुळे तिथे यान हाच उपग्रह मानावा लागतो. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले, तेव्हा शुक्राच्या ओढीने त्याच्या वेगात पडलेला फरक रेडिओ लहरींच्या बदललेल्या वारंवारतेतून मोजण्यात आला.

आपले उत्तर पडताळण्यासाठी हीच कृती आयो या सर्वांत आतल्या मोठ्या चंद्रावर करावी. त्याची फेरी १.७७ दिवसांची आणि अंतर जेमतेम तीन व्यासांचे असल्याने तासा-तासाने नोंदी घ्याव्या लागतात. दोन्ही उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर आकडेमोड तपासण्याआधी चकतीचा व्यास पुन्हा मोजावा.