क्रॅम्पॉन बर्फातून निसटत असतील तर : माझा अनुभव

स्पितीतील गोठलेल्या धबधब्यावर चढाई शिकताना, वर उठू लागताच क्रॅम्पॉनचे (बर्फात रुतण्यासाठी बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातेरी पट्टीचे) पुढचे दात निसटत आणि सारा भार हातांवर येई. दातांना धार लावली, पट्टे आवळले, लाथा जोरात मारल्या. बर्फ तेवढा फुटला. फार वैताग आला. उठताना टाच वर जाते आणि त्यामुळे दात उचकटले जातात, हे खरे कारण होते.

उपाय या क्रमाने लागू पडला: आइस अ‍ॅक्स पक्की रोवून हात सरळ ठेवावा, कंबर मागे घेऊन पावलाकडे पाहावे, गुडघ्यापासून पाय झुलवून बूट भिंतीला काटकोनात मारावा, टाच किंचित खाली सोडून पुढच्या दातांच्या लगेच मागची जोडी बर्फाला टेकल्याचे जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच, टाच तशीच राखून, कंबर भिंतीकडे नेत उठावे. नागपुरात बर्फ नाही, तरी जिन्याच्या पायरीवर बुटाचे फक्त टोक टेकवून हाच सराव करता येतो. पोटऱ्या भरून येतात, पण सवय पक्की होते.