लोड कमी म्हणजे बॉयलरला आराम? एचआरएसजीवर या चुका टाळा

मी कराडकडचा. आमच्या सातारा-सांगलीकडं बीओई (बॉयलर चालवायची सरकारी परीक्षा) झालेली बरीच पोरं साखर कारखान्याच्या कोजनला, म्हणजे बगॅसवरच्या वीज प्लांटला लागतात, मी गॅसवर वीज करणाऱ्या प्लांटला गेलो. गावी आलो की दोस्त म्हणतात, तुमचं बरंय राव, बगॅस नाही राख नाही, लोड (वीजनिर्मिती) उतरला की निवांत चहा. तर पहिली चूक हीच, लोड उतरला म्हणजे बॉयलर सुखात.

एचआरएसजी म्हणजे गॅस टर्बाईनच्या गरम एक्झॉस्टवर वाफ करणारा बॉयलर. त्याला स्वतःची भट्टी नसते, एक्झॉस्ट येईल तसा घ्यायचा. टर्बाईनचा लोड कमी करताना आयजीव्ही (हवा आत घेणाऱ्या तोंडावरच्या फिरत्या पट्ट्या) मिटत जातात, हवा कमी होते, पण एक्झॉस्टचं टेंपरेचर बराच वेळ खाली येत नाही, काही मशीनला उलट वर जातं आणि ६०० अंशांच्या पुढं जातं. वाफ मात्र कमी झालेली असते. गुऱ्हाळावर काहिलीत रस निम्मा आणि चुलवाणात जाळ तोच ठेवला तर गुळव्या काय म्हणेल? तसंच सुपरहीटरचं, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांचं. आणि ही वेळ आता रोज येते, दुपारी सोलर जोरात असतं, कधी गॅसच पुरत नाही. आपली कोयना मिनिटांत चढते-उतरते कारण तिथं नुसतं पाणी आहे, जाड ड्रम नि हेडर तापवायचे नाहीत.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागातली, म्हणजे स्प्रेवर (वाफ फार तापू नये म्हणून तिच्यात मारायच्या पाण्यावर) डोळे झाकून भरवसा. एका प्लांटला (नाव राहू दे) रात्रपाळीला पोरगा खुशीत म्हणाला, साहेब स्टीम टेंपरेचर बघा, एकदम सरळ लाईन. लाईन सरळ होती खरं, पण स्प्रे वॉल्व ७० टक्के उघडा, प्रेशर ४० बार आणि स्प्रेच्या पुढचं टेंपरेचर २५६. आता ४० बारला सॅच्युरेशनच, म्हणजे पाणी उकळायचं टेंपरेचरच २५० अंश, म्हणजे मार्जिन ६ अंश, इतक्यात सगळं पाणी वाफ होतच नाही, थेंब तसेच पुढं जाऊन तापलेल्या पाईपवर आपटतात. पुढच्या शटडाऊनला स्प्रेनंतरच्या बेंडची डीपी टेस्ट (रंग लावून चिरा शोधायची तपासणी) केली तर आत जाळीसारख्या बारीक चिरा. फायनल टेंपरेचरचा ट्रेंड बघून हे कधीच कळणार नाही, स्प्रेच्या पुढचं टेंपरेचर आणि ड्रमचं (पाणी नि वाफ वेगळी होते त्या टाकीचं) प्रेशर एकाच स्क्रीनवर लावा, सॅच्युरेशनपेक्षा निदान २५-३० अंश वर राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर स्प्रे वाढवू नका, टर्बाईनवाल्यांशी बोलून आयजीव्ही थोडे उघडता येतात का बघा, एक्झॉस्ट खाली येतं (कम्बशन बिघडणार नाही एवढंच), नाहीतर लोड थोडा चढवा.

अजून एक साधी तपासणी. स्प्रेची कमांड शून्य असताना वाफेचं स्प्रेच्या आधीचं आणि नंतरचं टेंपरेचर सारखं पाहिजे. नंतरचं खाली दिसलं तर स्प्रे वॉल्व गळतोय, ब्लॉक वॉल्वपण बंद करा. आमच्यात हे महिनाभर कुणी बघितलं नव्हतं.

तिसरी, इकॉनॉमायझर, म्हणजे ड्रमला जाणारं फीडचं पाणी आधी तापवणाऱ्या ट्यूबा. लोडबरोबर प्रेशर स्लाईड करत खूप खाली नेलं की सॅच्युरेशनही खाली येतं, आणि इकॉनॉमायझरमधलं पाणी ड्रमला पोचायच्या आधीच उकळायला लागतं. मग पाईपात ठोके, फीड फ्लो नाचतो, ड्रम लेव्हल नाचते, आणि ऑपरेटर वैतागून फीड मॅन्युअलवर घेऊन वॉल्व कधी बंद कधी उघडा करतो, ते तर आणखी वाईट, कारण फीड थांबलं की आतलं पाणी जागेवर उकळतं आणि परत सोडलं की गार पाण्याचा दणका. फीड बारीक चालेल पण सतत पाहिजे, आणि प्रेशरला मेकरनं दिलेली खालची मर्यादा पाळायची. फीड कंट्रोल वॉल्व इकॉनॉमायझर नि ड्रमच्या मधे असेल तर हा त्रास कमी, कारण इकॉनॉमायझरमध्ये प्रेशर टिकून राहतं.

पाण्याच्या केमिस्ट्रीवर थोडक्यात. एलपी इव्हॅपोरेटर (कमी प्रेशरला पाण्याची वाफ करणाऱ्या ट्यूबा) बघा, ५ बारला सॅच्युरेशन १५२ अंश, आणि साध्या कार्बन स्टीलची एफएसी (वाहत्या पाण्यानं ट्यूब आतून झिजणं) याच १५० च्या आसपास सगळ्यात जोरात असते. प्रेशर हलवलं की हा पट्टा दुसऱ्या ट्यूबांवर सरकतो, म्हणून थिकनेस नेहमीच्याच चार बेंडवर मोजून भागत नाही. फीड लाईन पूर्ण लोखंडी असेल, तांबं कुठंच नसेल, तर हायड्रॅझीन (पाण्यातला ऑक्सिजन काढणारं रसायन) ओतत बसू नका, पीएच ९.२ च्या खाली जाऊ देऊ नका.

शेवटचं टोक म्हणजे स्टॅककडचं. नॅचरल गॅसवर आहोत, सल्फर नाही, मग गंज कुठला असं म्हणतात. अहो पण एक्झॉस्टमध्ये वाफ असतेच की! कमी लोडवर कंडेन्सेट गार येतं, आणि ट्यूब ५० अंशाच्या खाली गेली की बाहेरून घाम फुटतो. रिसर्क्युलेशन पंप (तापलेलं पाणी परत इनलेटला आणणारा) चालू ठेवून इनलेट ६० अंशांच्या आसपास धरा, डिझेलवर चालवताना तर कितीतरी जास्त लागतं. आमचा रिसर्क्युलेशन पंप दोन महिने सीलपायी पडून होता. एका सकाळी युनिट सुरू केलं तेव्हा स्टॅकमधून लालसर भुकटी उडाली, ती पार्किंगमधल्या गाड्यांवर बसली, आणि मग मात्र सील दोन दिवसात आलं.