सोसायटीत फूड फॉरेस्ट लावताय? या चुका टाळा

मुंबईत जुलै महिन्यात जमिनीत नुसती काठी खोवली तरी तिला पालवी फुटते. म्हणून जुलैतल्या फोटोंवरून कुठल्याही सोसायटीच्या फूड फॉरेस्टबद्दल, म्हणजे खायच्या झाडांच्या थराथरांच्या बागेबद्दल, मत बनवू नये. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या काळात सुमारे २,३०० मिमी पाऊस पडतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे आठ महिने मात्र आभाळातून जवळजवळ काहीच येत नाही. लावलेली झाडं मरतात ती या आठ महिन्यांत.

मी आधी बँकेत कर्जाच्या फाइली तपासायचे. प्रकल्प कितीही सुंदर असो, पहिला प्रश्न ठरलेला असायचा: हप्ता कुठून येणार? आता सोसायट्यांना आणि चाळींना खायची झाडं लावायला शिकवते आणि तिथेही आधी एकच विचारते: मे महिन्यात पाणी कोण घालणार, आणि कुठलं? याचं उत्तर मिळेपर्यंत रोपांची यादी हातातसुद्धा घेत नाही. खालच्या बऱ्याचशा चुका या प्रश्नाला बगल दिल्याने होतात.

पाच जूनचा मुहूर्त

पर्यावरण दिन म्हणून ५ जूनला लागवड ठरते. बॅनर, पाहुणे, समोसे, सगळं होतं. पण हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि २०२३ साली तर तो २५ जूनला आला. तोवर ती कोवळी रोपं तापलेल्या मातीत उभी असतात आणि पाऊस येईलच म्हणून कोणी नळी लावत नाही. कार्यक्रम हवाच असेल तर पाचला करा, पण त्या दिवशी पाहुण्यांच्या हातून खड्डे भरून घ्या. ते खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू दिलेले असावेत. रोपं जमिनीत जावीत पाऊस स्थिरावल्यावर, आणि शक्यतो जुलै संपायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळांना खाली जायला वेळ मिळतो.

खालची जमीन न बघता वर लाल माती ओतणे

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत जी ‘माती’ दिसते ती बहुतेक वेळा बिल्डरने सोडलेलं डेब्रिज असतं: विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, सिमेंटचे गोळे. त्यावर एक ट्रक लाल माती पसरली की जागा छान दिसते. पहिल्या पावसात ती बसते, दुसऱ्या पावसात अर्धी गटारात जाते आणि झाडाची मुळं डेब्रिजला टेकतात.

आधी साधी तपासणी करा. मे महिन्यात दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तिथे पपई आणि लिंबू पावसाळ्यात मुळं कुजून जाणार. अशा जागी खड्डा करूच नका. जमिनीच्या वर दीड-दोन फुटांचा गादीवाफा उचला आणि त्यात लावा. अळू मात्र तिथेच, खालच्या ओलीत खुशाल लावा, ते आनंदाने वाढेल.

माती विकत आणण्यापेक्षा बनवणं स्वस्त पडतं. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे स्वतः शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून, आलेली अमृतमातीची पद्धत शहरातल्या अनेक गच्च्यांवर वापरली जाते. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी यांचं अमृतजल तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळलेला पालापाचोळा भिजवायचा आणि थर रचायचे. मुंबईत शेण-गोमूत्र मिळवणं हे एक वेगळंच काम असतं, पण तबेले अजून आहेत. पाचोळ्याला तर तोटाच नाही.

कंपोस्टबद्दल एक इशारा. २ ऑक्टोबर २०१७ पासून पालिकेने २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या, किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची व्यवस्था आवारातच करायला सांगितली. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कंपोस्ट आयतं मिळतं, पण ते अर्धवट कुजलेलं असतं. मुठीत घेतल्यावर गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर खड्ड्यात घालू नका, मुळं भाजतात. शिजवलेलं अन्न त्यात पडलं की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदीर म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती.

गच्चीवर किंवा पोडियमवर (पार्किंगवरच्या स्लॅबवर) करायचं असेल तर मातीच्या आधी वजनाचं बोला. राहत्या इमारतीच्या वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसं, सामान असं वर येणारं वजन) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. एक फूट भिजलेली माती चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जाते. स्ट्रक्चरल इंजिनियरने लेखी होकार दिल्याशिवाय गच्चीवर माती पसरू नये. उसाचं चिपाड आणि पाचोळा भरलेले ड्रम हलके पडतात आणि सरकवताही येतात.

मे महिन्यातलं ऊन बघून जागा ठरवणे

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपण १९ अंश उत्तरेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेकडच्या पट्टीतही लख्ख ऊन पडतं. समिती तेव्हाच जागा बघते आणि खूश होते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारी इमारतीची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते. सात मजल्यांची इमारत असेल तर साठेक फूट. आंब्याला मोहोर धरायचा तेव्हा झाड सावलीत उभं, आणि ‘कलम चांगलं नव्हतं’ म्हणून बोल नर्सरीवाल्याला!

उत्तरेच्या पट्टीत हळद, आलं, आंबेहळद, सुरण, अळू, खांबावर पानवेल किंवा मिरी अशी सावली सोसणारी मंडळी लावा. आंबा, लिंबू, पेरू, शेवगा यांना दक्षिण किंवा पश्चिम बाजू द्या. शक्य असेल तर डिसेंबरमध्ये सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावलीच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवा.

मियावाकी आणि फूड फॉरेस्ट यांची गल्लत

पालिकेने वडाळ्याच्या भक्ती पार्कसारख्या जागी मियावाकी वनं (जपानी पद्धतीची छोटी, दाट जंगलं) केल्यापासून सोसायट्यांना दाट लागवडीची भुरळ पडली आहे. त्या पद्धतीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. ती उजेडासाठी चढाओढ करत उंच जातात आणि जंगल पटकन उभं राहतं. खाण्यासाठी ते कामाचं नाही. उंच, बारीक आणि बिनफळांचा पेरू काढायला कोणाला शिडी लावायची आहे? नारळाला २५ फूट लागतात, केळीला पाच-सहा, पपईला सहा-सात. छाटणी करत राहणार असाल तर आंब्याचं कलम १६ फुटांवर चालतं.

इंग्लंडमध्ये श्रॉपशरला रॉबर्ट हार्ट यांनी सात थरांची वनबाग मांडली, तिचे तक्ते सगळीकडे फिरतात. तिथलं ऊन कोवळं आणि पाऊस वर्षभर विभागलेला, त्यामुळे तिथली कॉम्फ्रीसारखी पाल्याच्या खतासाठी लावायची झाडं इथे आणून काही साधत नाही. आपल्याला नमुना हवा तर कोकणातली वाडी आहे: वर माड, त्याखाली पोफळी, माडाच्या अंगावर मिरी, मध्ये जायफळ आणि केळी, खाली हळद-आलं. सोसायटीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा पेण-अलिबागची एखादी आजी असतेच. तिला पहिल्या बैठकीला बोलवा आणि प्रोजेक्टर बंद ठेवा.

रोपं निवडताना

बियांपासून केलेलं कोकम लावू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षं, कोणतं काय ते कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचं मादी कलम घ्या. गावठी पपई लावायची तर एका खड्ड्यात तीन रोपं लावा आणि फुलं आली की नर उपटा.

शेवगा तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा आणि दरवर्षी मेअखेरीस पुन्हा खाली छाटा. त्याचं लाकूड ठिसूळ असतं. तसाच वाढू दिला तर जूनच्या वाऱ्यात तो गाड्यांवर पडतो, आणि मग सभेत सगळीच झाडं काढायची मागणी होते. मोठी झाडं तोडायला १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्या छाटतानाही वॉर्डच्या उद्यान विभागाला आधी विचारा.

समुद्राजवळ बोअरिंगचं पाणी मचूळ असेल तर माड आणि चिकू ते बरंच सोसतात. लिंबू, केळी आणि पपईच्या पानांच्या कडा जळतात.

पाचोळा झाडून नेणे

उन्हाळ्यात मुळं जगवतो तो वर पसरलेला चार-सहा बोटं पाचोळा. आणि रोज सकाळी हाउसकीपिंगचा माणूस तो झाडून गोणीत भरतो, कारण त्याला ‘आवार स्वच्छ हवं’ असं सांगितलेलं असतं. पाटी लावून हे थांबत नाही. त्याला आणि माळीमामांना शिकवणीला बसवा, त्या वेळेचे पैसे द्या आणि पाचोळा टाकायची जबाबदारी त्यांनाच द्या. माळीमामांना नुसतं ऐकवणाऱ्या सोसायट्यांत झाडं टिकलेली मी तरी पाहिली नाहीत.

पाण्याला एसीचं पाणी चालतं. आरओचं टाकाऊ पाणी साध्या पाण्यात मिसळून, तेही अधूनमधून. चाळीत केळी मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावायची जुनी रीत उत्तम, फक्त त्या पाण्यात अ‍ॅसिड किंवा ब्लीच नको. आणि साठवणीचे ड्रम, कुंड्यांखालच्या बश्या, पडलेल्या करवंट्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यातून उडायला जेमतेम आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या माणसाला अळ्या सापडल्या की नोटीस येते आणि शेजारचे आजोबा ती सूचनाफलकावर लावतात.

पान बघून ओळखा

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, बहुधा सिमेंट मिसळलेल्या मातीमुळे. कंपोस्ट वाढवा, तातडीला चिलेटेड लोहाची फवारणी करा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पपईचा शेंडा आखडून पानं सुरकुतली तर तो विषाणू आहे, औषधाचा शोध घेत बसू नका, झाड उपटा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर पिठ्या ढेकूण शोधा आणि साबणाच्या पाण्याने धुवा. कलमाच्या जोडाखालून जोमदार फूट आली की लोकांना आनंद होतो. ती खुंटाची (ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची) असते, लगेच काढा, नाहीतर हापूसच्या जागी रायवळ वाढेल. पावसाळ्यात रोपं रातोरात फस्त होत असतील तर टॉर्च घेऊन बाहेर पडा. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी असतात. हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका.

केळीचा घड उतरवल्यावर खोड तसंच ठेवलं जातं. ते कापून तिथेच आच्छादन करा आणि मुनव्यांपैकी (बुंध्याशी फुटणाऱ्या नव्या कोंबांपैकी) एकच जोमदार ठेवा.

फळं कोणाची, हे न ठरवणे

पहिला घड पिकायच्या आत ठराव करा. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात तीन गोष्टी याव्यात: जागा किती वर्षांसाठी, पाणी आणि माळ्याचा खर्च कुठल्या खात्यातून, आणि फळांची वाटणी कशी. समिती बदलली की नवी मंडळी आधी पार्किंगसाठी जागा शोधतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरची वाहवा उपयोगी पडत नाही, इतिवृत्त पडतं. वाटणीसाठी मला आवडलेली सोय म्हणजे रविवारी सकाळी गेटजवळ टेबल टाकायचं आणि माळीमामा, वॉचमन यांचा वाटा आधी बाजूला काढायचा.

नोकरी सोडून शिकवायला येणाऱ्यांसाठी

हल्ली आयटीतून, बँकेतून, जाहिरातीतून बरेच जण या कामात येतात. येऊ देत. पण ७२ तासांचा पर्माकल्चरचा (निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती-बाग आखण्याचा) कोर्स झाला की लगेच शिकवायला सुरुवात करतात, आणि त्या ७२ तासांत एकही मे महिना आलेला नसतो. आधी एखाद्या चाळीच्या किंवा शाळेच्या कोपऱ्यात दहा झाडं एक पूर्ण उन्हाळा स्वतः जगवा. पगाराची सवय मोडायला लागणारा वेळही तेवढ्यात निघतो.

दुसरं, फुकट शिकवू नका आणि फक्त लागवडीच्या दिवसाचे पैसे घेऊ नका. अर्धी फी लागवडीला आणि अर्धी पुढच्या जूनमध्ये, जगलेली झाडं समितीसोबत मोजून. मधल्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक फेरी, तीही सकाळी माळी कामावर असताना, संध्याकाळी समितीच्या चहाला नव्हे. काही सोसायट्यांना हे पटत नाही, त्यांना एका दिवसाचा कार्यक्रमच हवा असतो. त्यांना मी लिंबाची दोन कलमं आणि एक कढीपत्ता लावायला सांगते. तेवढ्यासाठी कोणाला फी द्यायची गरज नाही.